सायफायमधली किल्ली : फिरवणारा महत्त्वाचा की न फिरवणारा?

नभांगण

स्पॉयलर भरपूर आहेत, आधीच सांगून ठेवते.

सायफाय साहसकथेत किल्ली आली की आपण लगेच धरून चालतो, ही ज्याच्या हातात त्याची सत्ता. मग ती मिसाईलची असो, यानाची असो नाहीतर कॉम्प्युटरच्या खोलीची. सगळी धावाधाव ती मिळवण्यासाठी आणि मिळाली की हिरो जिंकला. पण ज्या गोष्टी माझ्या डोक्यातून वर्षानुवर्षं जात नाहीत त्यांच्यात असं होतच नाही. तिथे किल्ली हातात असते आणि माणूस ती फिरवत नाही, किंवा थांबवायची किल्ली हातात असते आणि ती लावायला जागाच मिळत नाही. मला वाटतं कंट्रोल म्हणजे नक्की काय हे या गोष्टींना जास्त कळलंय.

पहिलं उदाहरण १९८३ चा 'वॉरगेम्स'. सुरुवातीचाच सीन आहे. जमिनीखालचं मिसाईल केंद्र, दोन अधिकारी ड्यूटीवर येतात, घरगुती गप्पा चालल्यात आणि अचानक आदेश येतो, कोड जुळतो, दोघं किल्ल्या काढून आपापल्या खुर्चीत बसतात, उलटी मोजणी सुरू होते. आणि सिनियर अधिकारी किल्ली फिरवत नाही. त्याला आधी फोनवर कुणाशी तरी बोलायचंय कारण पलीकडे दोन कोटी माणसं मरणार आहेत. ज्युनियर त्याच्यावर पिस्तूल रोखतो, किल्ली फिरवा सर म्हणतो, आणि सीन तिथेच कापलाय. नंतर कळतं की ती चाचणी होती आणि २२ टक्के अधिकाऱ्यांनी किल्ली फिरवली नाही. यावर वरची मंडळी काय ठरवतात, तर माणसं काढा आणि तिथे मशीन बसवा. पुढचा सगळा पिक्चर, म्हणजे एक मुलगा घरच्या कॉम्प्युटरवरून त्या मशीनमध्ये घुसतो ती गोष्ट, या एका निर्णयातून निघतो. म्हणजे ज्या २२ टक्क्यांनी विचार केला तेच सिस्टीमच्या लेखी बिघाड ठरले. मला आजही तो मुलगा, तो मोडेम, ते शेवटचं फुली-गोळा यापेक्षा हा पहिला सीनच जास्त मोठा वाटतो.

दुसरं 'द अँड्रोमेडा स्ट्रेन', मायकेल क्रायटनची १९६९ ची कादंबरी, १९७१ ला रॉबर्ट वाइजचा पिक्चर. अंतराळातून आलेल्या उपग्रहाबरोबर एक जीव येतो, अॅरिझोनातलं एक गाव जवळजवळ पूर्ण मरतं, वाचतात फक्त एक म्हातारा आणि एक तान्हं बाळ. त्याचा अभ्यास नेवाडात जमिनीखाली पाच मजली लॅबमध्ये चालतो आणि लॅबच्या तळाशी अणुबॉम्ब ठेवलाय, संसर्ग बाहेर फुटला की आपोआप उडणारा. इथे किल्ली नेमकी उलटी आहे. बॉम्ब उडवायला कुणी लागत नाही, थांबवायला माणूस लागतो, आणि ती किल्ली एकाच डॉक्टरकडे, मार्क हॉलकडे आहे. शेवटी मोजणी सुरू होते तेव्हा लक्षात येतं की हा जीव ऊर्जा खाऊन वाढतो, म्हणजे बॉम्ब उडाला तर त्याला मेजवानीच. आणि हॉल लॅबच्या अशा भागात अडकलाय जिथे किल्ली लावायची जागाच नाही, त्याला मधल्या उभ्या बोगद्यातून लेसर चुकवत वर चढावं लागतं. मला हे फार पटतं. एखाद्याला अधिकार दिलाय असं कागदावर लिहिता येतं, पण तो वापरायची जागा त्याच्यापासून दोन मजले लांब असेल तर तो अधिकार कसला?

तर प्रश्न असा की तुम्हाला अशा आणखी कुठल्या किल्ल्या आठवतात? नुसत्या खजिन्याच्या नकोत. पासवर्ड, स्विच, कोड काहीही चालेल, पण त्यावरून कुणाची सत्ता कुणावर आहे हे कळलं पाहिजे.

पक्या_मिरजकर

मस्त विषय. वाचनखूण साठवली आहे.

वॉरगेम्सचा तो सीन बराचसा अमेरिकेच्या मिनिटमन या अण्वस्त्र मिसाईलच्या खऱ्या केंद्रांवरून उचललाय. तिथे दोन अधिकारी, दोन किल्ल्या, आणि दोन्ही स्विचमध्ये साधारण १२ फुटांचं अंतर ठेवलेलं असायचं, म्हणजे एकट्याने दोन्ही हात लांबवून फिरवता येऊ नयेत. दोघांनी एकाच वेळी फिरवायच्या. किल्ल्या लाल रंगाच्या तिजोरीत, तिला दोन कुलपं, प्रत्येकाचं आपलं वेगळं. बँकेच्या लॉकरसारखंच झालं, एक किल्ली बँकेची एक आपली. आणि एवढ्यावर भागत नाही, एका केंद्राने किल्ल्या फिरवल्या की ते एक मत धरलं जातं, सर्वसाधारणपणे दुसऱ्या केंद्राचंही मत लागतं. एका स्क्वाड्रनमध्ये (तुकडीत) अशी ५ केंद्रं आणि ५० मिसाईलं, आणि एखाद्या केंद्राने परस्पर आदेश दिला तर बाकीची केंद्रं तो अडवू शकतात. तुम्ही म्हणताय ती थांबवायची किल्ली खरोखर बांधलेली आहे त्यात.

पण न फिरवणाऱ्याचं काय होतं त्याचंही उदाहरण आहे. १९७३ मध्ये हॅरल्ड हेरिंग नावाच्या अमेरिकन हवाई दलाच्या मेजरने मिसाईलच्या ट्रेनिंगमध्ये प्रश्न विचारला की मला मिळालेला आदेश शुद्धीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाने दिलाय हे मला कसं कळणार? व्हिएतनाममध्ये काम केलेला माणूस, किल्ली फिरवणार नाही असंही म्हणाला नव्हता, नुसता प्रश्न विचारला. त्याची नोकरी गेली. पुढे तो ट्रक चालवायचा. साउथ डकोटामधलं एक जुनं केंद्र आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलंय, त्या दोन खुर्च्यांचे फोटो बघितले की मला हेरिंगच आठवतो.

रेवती_क

अँड्रोमेडाच्या किल्लीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ती हॉललाच का दिली? तर कथेतला सिद्धांत असा की अविवाहित पुरुष सगळ्यात थंड डोक्याने निर्णय घेतो, त्याला बायको-मुलं नाहीत, म्हणून बॉम्ब उडू द्यायचा की नाही हे तो भावनेत न वाहता ठरवेल. कादंबरीत हे तक्ता वगैरे देऊन शास्त्रीय भाषेत मांडलंय. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. ज्याचं जगात कुणी नाही त्याच्या हातात सगळ्यांचा जीव, आणि हाच सगळ्यात सुरक्षित पर्याय! मी तर म्हणेन उलट आहे, ज्याचं कुणीतरी बाहेर वाट बघतंय त्याचाच हात थरथरेल आणि थरथरायलाच पाहिजे.

पिक्चरमध्ये चार शास्त्रज्ञांपैकी एक बाई केली, डॉ. रूथ लेविट, कादंबरीत तो पुरुष आहे. छान केलंय ते पात्र, चिडकी, हुशार, कुणाची भीडभाड न ठेवणारी. पण किल्ली राहिली ब्रह्मचाऱ्याकडेच.

नभांगण

रेवती, अनुमोदन. हा मुद्दा मूळ पोस्टमध्येच यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. किल्ली कुणाला द्यायची याचा निकष बघितला की ती देणारे कुणाला घाबरतात ते कळतं. इथे ते मायेला घाबरलेत.

पक्या, हेरिंगबद्दल अजून असेल तर लिहा प्लीज.

तळटीप

'एलियन', १९७९. यात किल्लीची सगळी गंमत पदानुक्रमात आहे. नोस्ट्रोमो या अंतराळ जहाजाच्या मुख्य कॉम्प्युटरला सगळे मदर म्हणतात, तिच्या खोलीत बसून तिला प्रश्न विचारायचा अधिकार कॅप्टन डॅलसचा. डॅलस गेल्यावर त्याची सहकारी अधिकारी रिप्ली म्हणते की आता मदरपर्यंत मी पोचू शकते, उत्तरं मीच मिळवते. आणि आत जाऊन तिला काय मिळतं, तर कंपनीचा गुप्त हुकूम की जहाजात शिरलेला तो परग्रहावरचा जीव घेऊन या, बाकी सगळं दुय्यम, खलाशी गेले तरी चालतील. म्हणजे आधीचा कॅप्टन ज्या खोलीत रुबाबात बसायचा त्या खोलीतून जहाज कधीच चालत नव्हतं, ते चालत होतं कित्येक प्रकाशवर्षं लांबच्या ऑफिसातून. तिला अधिकार मिळाला आणि त्याच मिनिटाला कळलं की तो पोकळ आहे.

आणि नभांगणने सांगितलेली थांबवायची किल्लीसुद्धा यात आहे. जहाज उडवायची यंत्रणा सुरू केली की १० मिनिटं, पण निर्णय फिरवायची मुभा पहिल्या ५ मिनिटांतच. रिप्ली परत धावत येते, सगळं उलटं बसवते आणि मदर ऐकत नाही, वेळ संपलेली असते. ती मदरला शिव्या घालते तो क्षण सिगर्नी वीव्हरने असा केलाय की अंगावर काटा येतो. यंत्रणा बांधणाऱ्याने माणसाला पश्चात्तापासाठी किती मिनिटं ठेवली, हे मला फार भयानक वाटतं.

दर्यावर्दी

एवढं पुढे यायच्या आधी कॅप्टन निमोपाशी थांबा की जरा. सायफाय साहसाची सुरुवातच तिथून. ज्यूल व्हर्नची १८७० ची 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' ही कादंबरी, आपल्याकडे भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी पोरांच्या हातात पडला, लई उपकार आहेत त्या माणसाचे.

निमोच्या नॉटिलस या पाणबुडीवर प्रोफेसर आरोनाक्स, त्यांचा नोकर कॉन्सेई आणि तो हार्पूनवाला नेड लँड हे तिघं पकडले जातात तेव्हा निमोची अट काय, तर जहाजावर मोकळे फिरा, लायब्ररी वापरा, जेवा खा, फक्त मी सांगेन तेव्हा खोलीत बंद व्हायचं, आणि परत जमिनीवर जायचं नाव काढायचं नाही. प्रोफेसरला तर स्वर्गच मिळाल्यासारखं झालंय, समुद्राखालची सगळी दुनिया खिडकीतून दिसते. मग एक दिवस दार बंद होतं, जेवणात झोपेचं औषध घातलेलं, सकाळी जाग आल्यावर निमो प्रोफेसरला एका जखमी खलाशाला बघायला बोलावतो. तो वाचत नाही आणि त्याला पोवळ्यांच्या दफनभूमीत पुरतात. रात्री काय झालं ते कधीच सांगत नाहीत. तिथे कळतं की या माणसाची सत्ता समुद्रावर असेल नसेल, पण तुम्ही काय बघायचं आणि काय नाही यावर नक्की आहे.

आणि हाच निमो पुढच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो, १८५७ च्या बंडात सगळं घालवून बसलेला. ज्याचं घरदार इंग्रजांनी काढून घेतलं तो आपल्या जहाजात दुसऱ्यांना कोंडतो. हे मला लहानपणी कळलं नव्हतं, मोठेपणी वाचताना फार लागलं.

काजवा

मला मूळ मुद्दाच पूर्ण पटत नाहीये. न फिरवणारा नेहमी शहाणा कसा? लिऊ सिशिनच्या थ्री बॉडी मालिकेचा तिसरा भाग घ्या (मोठा स्पॉयलर, ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढचा प्रतिसाद गाळा).

परग्रहवाल्यांनी हल्ला करू नये म्हणून पृथ्वीकडे एकच शस्त्र आहे, दोन्ही ग्रहांचा पत्ता अख्ख्या विश्वाला ओरडून सांगायचं, म्हणजे दुसरं कुणीतरी दोघांनाही संपवेल. तो स्विच एकाच माणसाच्या हातात. लुओ जी पन्नासहून जास्त वर्षं तो धरून बसतो, कुटुंब तुटतं, लोक त्याला राक्षस म्हणायला लागतात. मग लोक कंटाळून चेंग शिन नावाच्या प्रेमळ बाईला निवडतात, आणि तिच्या हातात स्विच गेल्यावर काही मिनिटांतच हल्ला होतो, कारण शत्रूने बरोबर ओळखलेलं असतं की ही दाबणार नाही. ती दाबत नाही. आणि पृथ्वी जाते. इथे फिरवायची तयारी हीच किल्ली आहे, धातूचा तुकडा नाही. ज्याच्याबद्दल सगळ्यांना खात्री आहे की हा फिरवणार नाही त्याच्याकडे किल्ली असून नसल्यासारखी.

रेवती_क

काजवा, तुम्ही म्हणता तो तर्क कथेत आहे हे मान्य. पण लेखकाने पाने कशी वाटलीत ते बघा ना. कठोर, एकटा पुरुष म्हणजे जग वाचलं, मायाळू बाई म्हणजे जग बुडालं. अँड्रोमेडातल्या ब्रह्मचाऱ्याचाच हा थोरला भाऊ. आणि चेंग शिनने दाबला असता तर काय झालं असतं, दोन्ही ग्रहांवरचे सगळे मेले असते, थोडे उशिराने. त्या क्षणी धाक संपलेला आहे, आता फक्त सूड उरलाय. सूड घेतला नाही म्हणून तिला दुबळी म्हणायचं हे मला मान्य नाही, कधीच होणार नाही.

काजवा

दुबळी मीही म्हणत नाहीये. दोष तिचा नाहीच, निवडून देणाऱ्यांचा आहे. त्यांना किल्लीपण पाहिजे होती आणि ती धरणारा हात छानपण दिसायला पाहिजे होता. आणि पुढे काय होतं बघा, प्रक्षेपण शेवटी होतंच, लांब अंतराळात गेलेल्या जहाजावरची माणसं मिळून ठरवतात आणि करतात. एकट्याच्या हातातून काढून ती सगळ्यांच्या हातात आली तेव्हा निर्णय झाला. मला त्या मालिकेतला सगळ्यात मोठा प्रसंग तो वाटतो.

पक्या_मिरजकर

दोघांचंही म्हणणं खऱ्या जगात एकत्रच नांदतंय. धाक तेव्हाच चालतो जेव्हा समोरच्याला वाटतं की हा फिरवेल, आणि जग तेव्हाच वाचतं जेव्हा खोट्या अलार्मवर तो फिरवत नाही. २६ सप्टेंबर १९८३, म्हणजे वॉरगेम्स थिएटरला लागल्यानंतर काही महिन्यांतच, स्तानिस्लाव पेट्रोव्ह या सोव्हिएत लष्करी अधिकाऱ्याच्या पडद्यावर अमेरिकेकडून आधी एक आणि मग आणखी चार मिसाईल येताना दिसली. त्याच्याकडे किल्ली नव्हती, फोन होता. त्याने वर कळवलं की हा बिघाड आहे. पाचच मिसाईलने कोण युद्ध सुरू करेल, असा त्याचा हिशोब. मशीन बसवलेलं असतं तर मशीनने जे दिसलं तेच कळवलं असतं.

जाता जाता, वॉरगेम्स अमेरिकन राष्ट्राध्यक्ष रेगनने कॅम्प डेव्हिडला बघितला आणि नंतर बैठकीत सैन्यदलांचे प्रमुख जनरल व्हेसी यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का. काही दिवसांनी उत्तर आलं की परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून बरीच वाईट आहे. १९८४ मध्ये सरकारी कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी रीतसर आदेश निघाला. चांगलंच झालं, पण त्यांना भीती वाटली ती बाहेरून घुसणाऱ्या पोराची. पिक्चर मात्र आतल्या माणसाला काढून टाकण्याबद्दलही तेवढंच सांगत होता.

सातारी_तारा

तुम्ही सगळे मिसाईलवर अडकलात, मला गागारिन आठवला. १२ एप्रिल १९६१, व्होस्टोक १. माणूस वजनरहित अवस्थेत गेल्यावर वेडा होईल की काय अशी भीती होती, म्हणून यानाचं मॅन्युअल नियंत्रण कोडने लॉक केलेलं, आणि कोड यानातच बंद लिफाफ्यात ठेवलेला. कल्पना अशी की ज्याला लिफाफा फोडून आकडे वाचून दाबता येतात तो शुद्धीवर आहे. आकडा होता १२५. कुठल्याही सायफाय लेखकाला सुचला असता तर आपण म्हटलं असतं काय भारी कल्पना आहे.

पण उड्डाणाआधीच त्याला तो आकडा सांगून टाकला होता, आणि एकाने नाही, प्रशिक्षणाचे प्रमुख कामानिनने, प्रशिक्षक गालाईने, खुद्द यानाचे मुख्य डिझायनर कोरोल्योव्हने. नियम मोडून. कारण १०८ मिनिटांच्या त्या प्रवासात काही बिनसलं तर लिफाफा फोडत बसायला वेळ मिळेल का, ही त्यांना काळजी. मला हे वाचून रडू आलं होतं खरंच. यंत्रणेने म्हटलं माणसावर विश्वास नाही, आणि यंत्रणा बांधणाऱ्यांनीच गुपचूप येऊन विश्वास टाकला.

तळटीप

सातारी_तारा, फार सुंदर. आणि सात वर्षांनी, १९६८ ला कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' हा पिक्चर आला आणि भीती बरोबर उलटी झाली. इथे माणूस शुद्धीवर आहे आणि बिघडलाय तो कॉम्प्युटर. यानाचा कॉम्प्युटर हॅल दार उघडत नाही, अंतराळवीर बोमन हेल्मेटशिवाय इमर्जन्सी एअरलॉकमधून स्वतःला आत फेकतो आणि मग त्या लाल उजेडाच्या खोलीत जाऊन हॅलच्या स्मृतीचे ठोकळे एकेक करून सैल करतो. हॅल विनवण्या करतो, भीती वाटतेय म्हणतो, गाणं म्हणता म्हणता त्याचा आवाज जड होत जातो. थांबवायची किल्ली वापरणं इतकं जड जाताना मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये बघितलं नाही. आणि हॅल बंद पडताक्षणी एक आधीच रेकॉर्ड केलेला निरोप सुरू होतो, त्यातून मोहिमेचा खरा उद्देश कळतो, जो तोपर्यंत यानावर फक्त हॅलला माहीत होता. रिप्लीला मदरच्या खोलीत जे कळलं तसंच. सत्य कॉम्प्युटरला सांगितलेलं, माणसांना नाही.

उनाड_वारा

मालकीण, मराठीतलं कुणीच कसं काढलं नाही अजून? नारळीकरांची 'वामन परत न आला'. जमिनीखाली पेटी सापडते, आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या जुन्या संस्कृतीचं ज्ञान आत, आणि त्यावरून आपली माणसं वामन नावाचा यंत्रमानव बनवतात. पेटी उघडली म्हणजे ज्ञान आपलं झालं असं सगळ्यांना वाटतं, आणि खरा प्रश्न वामनने स्वतःसारखे आणखी वामन बनवायचे की नाही इथे येतो. म्हणजे पेटी उघडायची किल्ली माणसाकडे, पण एक किल्ली अशी आहे जी त्या यंत्राला कधीच द्यायची नाही. आज सगळीकडे एआयवर जी भांडणं चालतात त्यातला मोठा भाग या कादंबरीत आलेला आहे आणि तोही मराठीत, शाळकरी पोराला कळेल अशा भाषेत. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले तेव्हा पेपरात खगोलशास्त्राबद्दल खूप आलं, या कादंबरीबद्दल फार कमी दिसलं.

नभांगण

उनाड_वारा, यावर वेगळा धागा काढाच. इथे दोन ओळींत उरकायचा विषय नाहीये तो. मला त्यात खास करून यावर चर्चा हवीय की वामनला काय द्यायचं आणि काय नाही हे ठरवणारी माणसं कोण आहेत, शास्त्रज्ञ किती, सरकारी किती, आणि त्यांच्यातलं कोण नाही म्हणू शकतं.

उनाड_वारा

काढतो. पुस्तक मित्राकडे आहे, या आठवड्यात परत आणून नीट वाचून लिहितो. रेवती, तुम्ही त्यातल्या स्त्री पात्रांवर लिहाल का? मी लिहिलं तर वरवरचं होईल.

रेवती_क

लिहीन. रविवारपर्यंत वेळ द्या.